फाबरचं फॉक-वुल्फ १९०: तीन मिलिमीटरचा घोळ (१/४८, काम चालू)

करवतवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं या विभागात वाचनमात्र होतो. आता धीर करून धागा काढतोय, सांभाळून घ्या.

कपाटाच्या वरच्या फळीवर फॉक-वुल्फ १९० ए-८ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचा (१/४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याचा) एक खोका बारा वर्षं पडून होता. लग्नाआधी घेतलेला. परवा बायकोने माळा आवरायला काढला आणि खोका माझ्या पुढ्यात आणून ठेवला, "करणार आहेस की देऊ भंगारात?" या शब्दांसकट. तेव्हा करणारच.

फक्त खोक्यावरचं विमान करायचं नाहीये. मला करायचंय ते आर्मिन फाबरचं. ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

२३ जून १९४२ ची संध्याकाळ. ब्रिटिशांची बॉस्टन बॉम्बर्स जर्मनव्याप्त फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या मोर्लेच्या विमानतळावर हल्ला करून इंग्लंडला परत निघालेत, सोबतीला चेक वैमानिकांची स्पिटफायर्स. त्यांच्या मागे लागलेल्या जर्मन लढाऊ विमानांत ओबरलॉयटनंट फाबर होता, जेजी २ 'रिश्टहोफेन' या लढाऊ पथकाच्या तिसऱ्या ग्रुपच्या कमांडरचा सहायक, म्हणजे अ‍ॅडजुटंट. त्या चेक वैमानिकांपैकी ३१० स्क्वाड्रनच्या ट्रेइट्नारशी त्याची नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हनवर झटापट झाली. ट्रेइट्नारचं स्पिटफायर पडलं, तो जखमी होऊन पॅराशूटने उतरला. या धावपळीत फाबरची दिशा चुकली. दक्षिणेला जायच्या ऐवजी गडी उत्तरेला गेला. खाली पाणी लागलं, त्याला वाटलं इंग्लिश चॅनेल. होती ब्रिस्टलची खाडी. पलीकडे किनारा दिसला, त्याला वाटलं फ्रान्स. होतं वेल्स. आनंदाने विमान गरागरा फिरवून घेतलं आणि पेम्ब्रीच्या धावपट्टीवर उतरला.

तिथे ड्यूटीवर सार्जंट जेफ्रीज होता. जवळ पिस्तूलही नाही. त्याने इशाऱ्याचे बार उडवायचं व्हेरी पिस्तूल उचललं, पळत जाऊन पंखावर चढला आणि फाबरच्या तोंडासमोर धरलं. ब्रिटिशांच्या हाती पहिलं अख्खं, उडतं फॉक-वुल्फ १९० असं आयतं आलं.

मला तेच विमान त्याच संध्याकाळचं करायचंय. आदल्या आठवड्यातलं नाही, नंतरचंही नाही. ए-८ चा साचा आहे, पण १९० ते १९०च, थोडीफार पुट्टी मारून जमेल ना?

---

ओझरकर_काका

वाचतोय. गोष्ट झकास सांगितलीत.

"१९० ते १९०च" या वाक्यावर मात्र इथले दोनतीन जण आत्ता बाह्या सरसावत असतील. मी चहा घेऊन बसतो.

---

रिव्हेटमोज्या

काका, सरसावल्या.

करवतवाला, फाबरचं विमान ए-३ होतं, वेर्कनुमर (कारखान्याचा क्रमांक) ३१३. ए-८ त्याच्या पुष्कळ नंतरचं. फरक सांगतो, मग ठरवा.

पहिला आणि सगळ्यात मोठा. ए-५ पासून इंजिन सुमारे १५ सेंटिमीटर पुढे सरकवलं, वजनाचा तोल साधायला. ते लांब नाक पुढे ए-८ ला तसंच राहिलं. १५ सेंटिमीटर भागिले ४८, म्हणजे ३.१ मिलिमीटर. ऐकायला काही नाही, पण फॉक-वुल्फचं सगळं रूपच त्या आखूड, बोजड नाकात आहे. तीन मिलिमीटर जास्त झाले की चेहरा बदलतो.

दुसरं, काचेच्या पुढची दोन टेंगळं. ए-७ पासून नाकावर १३ मिलिमीटरच्या एमजी १३१ मशीनगन बसवल्या, त्यांना जागा करायला ती टेंगळं आली. ए-३ ला ७.९२ च्या दोन एमजी १७, तिथलं झाकण जवळजवळ सपाट.

तिसरं, पिटो नळी, म्हणजे वेग मोजायची. ए-८ ला उजव्या पंखाच्या टोकाशी. ए-३ ला पंखाच्या पुढच्या कडेवर, टोकापासून बरीच आत.

चौथं, बाहेरच्या तोफा. ए-८ ला लांब नळीच्या एमजी १५१/२०. ए-३ ला बाहेर एमजी एफएफ, आखूड नळीच्या. पंखाच्या मुळाशी मात्र दोन्हींत १५१च.

आणि शेपटीच्या टोकावर एरियलसाठी बारका दांडा असेल तर तो कापा. तो ए-४ ची खूण.

सरळ ए-३ चा साचा मागवा. तामियाचा १/४८ मध्ये बरीच वर्षं आहे, एडुआर्डचा नवा आणि जास्त बारकाव्यांचा. सहा महिने वाचतील.

---

करवतवाला

रिव्हेटमोज्या, दंडवत. रडू आलं, पण दंडवत.

नवा मागवला तर खोका, टपाल आणि कस्टम्स मिळून जो आकडा होतो तो घरात उच्चारता येत नाही. आणि खरं सांगू का, तीन मिलिमीटर कापायला मिळणार म्हटल्यावर हात शिवशिवायला लागलेत. आयडी उगाच नाही घेतलेला.

---

पेम्ब्रीपासून_तासभर

मी कार्डिफला असते. गेल्या उन्हाळ्यात पेम्ब्रीला गेलो होतो, किनारा फार सुंदर आहे. जुन्या विमानतळाच्या बऱ्याच भागावर आता मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे आणि शेजारी छोटा विमानतळ अजून चालतो. नवऱ्याला तिथे उभं राहून ही गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "समुद्र डाव्या हाताला की उजव्या एवढंही नाही कळलं त्याला?" त्याचा प्रश्न चूक नाही. पण संध्याकाळी खाडीच्या या बाजूला उभं राहिलं की समोरचा डेव्हनचा किनारा धुरकट, लांबट दिसतो. वरून, घाबरलेल्या आणि जिंकल्याच्या कैफात असलेल्या माणसाला काय वाटेल, सांगता येत नाही.

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

रेषाळ

धागाकर्त्याला एक सल्ला, फोटोंबद्दल. हे विमान गुगलवर शोधलं की दोन तऱ्हेचे फोटो येतात. एक, पकडल्यानंतर लगेचचे, जर्मन खुणांसकट. दुसरे, ब्रिटिश गोल रंगवलेले, एमपी ४९९ असा नवा क्रमांक दिलेले. विमान पेम्ब्रीहून लॉरीवर टाकून फार्नबरोला नेलं, तिथे चाचण्या झाल्या, मग डक्सफर्डला लढाऊ विमानांशी तुलना. हे दुसरे फोटो रंगासाठी बाद, पण आकारासाठी सोनं. पॅनेलच्या रेघा, चाकाच्या पायाचा कोन, काचेच्या चौकटी सगळं स्वच्छ दिसतं. दोन फायली वेगळ्या ठेवा. मी एकदा त्या एकत्र केल्या आणि जर्मन विमानाचं पोट पिवळं रंगवून बसलो होतो.

आणि काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या पिवळ्यावर विश्वास ठेवू नका. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नाही आणि पिवळा जेमतेम दिसतो, म्हणून ते काळपट येतात, निळा पांढुरका येतो. पँक्रोमॅटिकवर तोच पिवळा उजळ. एकाच विमानाचे दोन फोटो दोन विमानांचे वाटतात ते त्यामुळे.

---

ओझरकर_काका

रेषाळ, पिवळ्या पोटाचं विमान मी पाहिलंय तुमच्या घरी. तेव्हा तुम्ही "मुद्दाम केलंय" म्हणाला होतात.

---

रेषाळ

काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा हो असलं.

---

करवतवाला

कापलं.

रविवारी दुपारी घरचे झोपल्यावर. काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, मागे आणि पंखाच्या मुळाच्या पुढे दोन रेघा मारल्या, मध्ये ३.१ मिलिमीटर. डावी बाजू रेझर सॉने सुरेख निघाली, चकतीसारखी. उजवी बाजू कापताना फोन वाजला. पुढे काय झालं असेल ते ओळखा. करवत अर्धा मिलिमीटर तिरकी गेली, आणि दोन्ही अर्धी जोडल्यावर विमान शिंक आल्यासारखं नाक एका बाजूला वळवून बसलं.

रात्री पुन्हा उघडलं. उजव्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी घातली, सपाट काचेवर वॉटर पेपर ठेवून दोन्ही तोंडं घासली, फेव्हिक्विक. आता सरळ आहे. प्रोपेलरच्या दांड्यातून टाचणी घालून शेपटीपर्यंत दोरा ताणून बघितला.

टेंगळं घासताना प्लॅस्टिक संपलं आणि भोक पडलं. आतून जुन्या डेबिट कार्डाचा तुकडा लावला, वरून पुट्टी. बँकेचं नाव आतल्या बाजूला आहे, कुणी उघडून बघणार नाही.

रिव्हेटमोज्या, आता मोजा.

---

रिव्हेटमोज्या

फोटोवरून मोजलं. नाक बरोबर आलंय. मनापासून सांगतो, वाटलं नव्हतं.

आता प्रोपेलर बघा. खऱ्याचा व्यास ३.३ मीटर, म्हणजे १/४८ ला ६९ मिलिमीटरच्या आसपास. ए-८ च्या खोक्यात कधी कधी रुंद पात्यांचा लाकडी प्रोपेलरही येतो, तो घेऊ नका. त्याच्या मागचा बारा पात्यांचा पंखा मात्र सोडू नका. बीएमडब्ल्यू ८०१ म्हणजे चौदा सिलिंडरं दोन रांगांत, त्यावर घट्ट काउलिंग. नुसत्या वाऱ्याने मागची रांग थंड होईना, म्हणून तो पंखा प्रोपेलरच्या तिप्पट वेगाने फिरायचा. पुढून बघणाऱ्याला आधी तोच दिसतो.

आणि चाकाचे पाय आतल्या बाजूला झुकलेले हवेत, गुडघे फेंगडे करून उभ्या राहिलेल्या पैलवानाच्या उलट. नव्वद टक्के लोक ते सरळ लावतात. पंखावर पायाच्या वर एक बारीक दांडी बाहेर येते, चाकं उतरलीत हे वैमानिकाला दिसावं म्हणून. ती ताणलेल्या स्प्रूची (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या तुकड्याची) लावा.

---

उंबरठा

प्रामाणिक प्रश्न, भांडण काढायचं नाही. नाझींचं विमान कशाला करायचं? शो-केसमध्ये ठेवून पाहुण्यांना दाखवायची वस्तू आहे का ही? स्पिटफायर करा, हरिकेन करा.

---

करवतवाला

प्रश्न रास्त आहे, आणि घरातही पडलाय.

शेपटीवरचं चिन्ह डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांच्या) कागदावर दोन तुकड्यांत आलंय. ते कापून टेबलावर ठेवलेलं, आई चष्मा लावून बघत होती. म्हणाली, "हे स्वस्तिक तिरकं का रे काढलंय? आणि मध्ये ठिपके नाहीत." मी सांगितलं कुणाचं आहे ते. तिने तो कागद उलटा घालून ठेवला आणि काही बोलली नाही. संध्याकाळी इतकंच म्हणाली, "लाव, पण दिवाळीत त्याची शेपूट भिंतीकडे कर."

तसंच करणार आहे. माझं म्हणणं एवढंच की या विमानाची गोष्ट त्या चिन्हाशिवाय खोटी होते. आणि हे विमान त्यांच्या कामाचं राहिलंही नाही, शत्रूच्या हाती पडून त्यांचंच गुपित फोडलं याने. माझ्यापुरतं हे शरण आलेलं विमान आहे.

---

इझारकाठचा

म्युनिकहून. इथे दंडसंहितेच्या ८६ए कलमाखाली हे चिन्ह सार्वजनिक दाखवणं गुन्हा आहे. कला, संशोधन, इतिहासशिक्षण यांना सूट आहे, पण खेळण्याच्या दुकानातल्या खोक्याला ती लागू होईल का या भानगडीत कुणी पडत नाही. म्हणून खोक्यावरच्या चित्रात शेपूट कोरी असते आणि डिकलवर चिन्ह एक तर नसतं किंवा तुकड्यांत असतं. जोडायचं की नाही हे घेणाऱ्यावर.

दिशेबद्दल एक गैरसमज कायम ऐकतो, की त्यांनी ते उलटं केलं. उलटं नाही. फिरण्याची दिशा आपल्या नेहमीच्या स्वस्तिकाचीच, ४५ अंशांनी तिरकं केलेलं. तुमच्या आईंनी "तिरकं" म्हटलं ते अगदी बरोबर.

अवांतर: इथून जवळ श्लाइसहाइमला डॉइचेस म्युझियमची विमानांची शाखा आहे. तिथे चक्क आपलं मरुत, भारतात बनलेलं लढाऊ जेट, ठेवलंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शहाण्यासारखा बोर्ड न वाचताच "अरे हे तर एचएएलचं!" असं मोठ्याने मराठीत ओरडलो होतो.

---

ओझरकर_काका

वाट बघत होतो कुणी मरुत काढतंय का. आता माझी पाळी.

मी ओझरला मिगवर उमेदवारी केली, तिथेच निवृत्त झालो. बंगळूरहून बदलून आलेले जुने फोरमन होते, ते जेवणाच्या सुट्टीत "टँकसाहेब" असं नाव घ्यायचे. हे टँक म्हणजे कुर्ट टँक, तुमच्या या फॉक-वुल्फ १९० चा जनक. युद्धानंतर अर्जेंटिनाला गेले, तिथे पुल्की-२ नावाचं जेट केलं, पेरोनची सत्ता गेल्यावर १९५६ च्या सुमारास बंगळूरला आले. एचएफ-२४ मरुत त्यांच्या हाताखाली आखलं गेलं. पहिलं उड्डाण १७ जून १९६१. एकूण १४७ बनली.

रडगाणं एकच, इंजिन. ऑर्फियसची जोडी बसवली, ती त्या देखण्या अंगाला पुरली नाही. आवाजाच्या वेगाच्या दुप्पट जायला आखलेलं विमान आवाजाच्या वेगाशीच अडलं. तरी १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर मरुतने चांगलं काम केलं. खाली, रणगाड्यांवर, मार खाऊनही परत येणारं. टँक स्वतः पहिल्या महायुद्धात घोडदळात होते. १९० बद्दलही त्यांचं म्हणणं तेच होतं, की शर्यतीचं घोडं नको, कच्च्या धावपट्टीवर, अडाणी हातांतही टिकेल असं लष्करी घोडं हवं. म्हणून १९० चे पाय इतके रुंद आणि दणकट. जर्मनांच्याच मेसरश्मिट १०९ चे पाय अरुंद, उतरताना किती मोडली त्याला हिशेब नाही.

ज्यांना मरुत बघायचंय त्यांनी वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला जावं. आणि ज्या कारखान्यात ते बनलं तो १९४० मध्ये उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. तेव्हा उंबरठा, या विमानाचा धागा ओढत गेलात तर दुसरं टोक आपल्याच घरात निघतं.

---

उंबरठा

काका, हे माहीत नव्हतं. प्रश्न मागे घेत नाही, पण धागा वाचत राहणार.

---

पिंपळपान

विमानातलं कळत नाही, पक्ष्यांतलं कळतं. १९० ला जर्मन लोक 'वुर्गर' म्हणायचे ना? वुर्गर म्हणजे आपला खाटीक. बाभळीवर बसतो, डोळ्यावर काळी पट्टी, टोळ आणि सरडे काट्यांना टोचून ठेवतो. आमच्या शेताच्या कुंपणावर एक आहे. आकाराने बुलबुलाएवढा, पण त्याच्या बाभळीवर दुसरं पाखरू टेकत नाही.

---

करवतवाला

पिंपळपान, भारीच! धाग्याचं नाव बदलून 'खाटीक' करावं असं वाटतंय.

कामाची खबर: कॉकपिट झालं. काळपट राखाडी, आरएलएम ६६ (आरएलएम म्हणजे जर्मन हवाई खात्याचे रंगांचे क्रमांक). चाकांच्या खोबणी आरएलएम ०२. मग अंगाला हात घातला आणि पावसाने दगा दिला. आमच्याकडे चार दिवस संततधार. खालचा फिकट निळसर ७६ मारला, लॅकर होता. पाच मिनिटांत त्यावर पांढरट साय धरली, थंड झालेल्या दुधासारखी. पुसली जात नाही. खरवडू का?

---

रेषाळ

थांबा, खरवडू नका! त्याला ब्लशिंग म्हणतात. थिनर भरभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि ओल्या रंगात अडकते. दमट हवेत लॅकरचं हे ठरलेलं. कोरड्या दिवशी, नाहीतर एसी लावलेल्या खोलीत, नुसत्या हळू उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारा. रंग पुन्हा किंचित ओला होतो आणि वाफ निघून जाते. नव्वद टक्के वेळा साय विरते.

पुढच्या वेळी रिटार्डर (रंग हळू वाळवणारं द्रव्य) घाला. किंवा आमच्यासारखं, जुलै-ऑगस्टमध्ये फक्त कापाकापी आणि घासाघाशी करा, रंग दसऱ्यानंतर.

---

करवतवाला

विरली! बेडरूममध्ये एसी लावून, खिडकीत एक्झॉस्ट पंखा ठेवून मारलं. बायको दोन दिवस हॉलमध्ये झोपली. वास अजून येतोय असं तिचं म्हणणं, मला येत नाही.

---

रिव्हेटमोज्या

आता वरचे रंग. ७४ हिरवट करडा, ७५ जांभळट करडा. पंखावर कडा सरळ, तुकड्या-तुकड्यांच्या, पण धार फार कडक नको. कुशीवर ७६ वर डाग. ते डाग म्हणजे १९० करणाऱ्याची दहावीची परीक्षा. लोक वाटाण्यासारखे गोल ठिपके काढतात. खऱ्यात ते धुरासारखे, एकमेकांत मिसळलेले, कुठे दाट कुठे विरळ. हवेचा दाब कमी, रंग दुधाइतका पातळ, एअरब्रश (हवेने रंग फवारायचं पेन) जवळ. आधी जुन्या बरणीवर तास दीड तास हात बसवा.

आणि मळवू नका फार. ए-३ कारखान्यातून निघायला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि हे अ‍ॅडजुटंटचं विमान, मेकॅनिक पुसून ठेवणारे. एक्झॉस्टच्या मागे काजळी, पंखाच्या मुळाशी बुटांचे ओरखडे. संपलं.

---

पेम्ब्रीपासून_तासभर

एक शंका. इतकं काय होतं त्या विमानात की ब्रिटिशांना एवढा आनंद झाला?

---

इझारकाठचा

१९४१ च्या शरदात हे विमान चॅनेलवर दिसायला लागलं तेव्हा ब्रिटिश गुप्तवार्तावाल्यांना आधी वाटलं, फ्रेंचांची जप्त केलेली कर्टिस असतील. मग स्पिटफायर ५ पडायला लागली. डक्सफर्डच्या चाचण्यांत कळलं की जवळजवळ सगळ्या उंचीवर १९० हे स्पिटफायर ५बी पेक्षा ताशी वीस ते पस्तीस मैलांनी जोरात, चढायला सरस, आणि बाजूला लोळायला तर विचारू नका. स्पिटफायरचं एकच राखीव पान, लहान वर्तुळात वळणं. म्हणून वैमानिकांना सांगितलं, १९० च्या मुलखात सावकाश, पेट्रोल वाचवत फिरू नका, वेग ठेवा. त्याच जुलैत स्पिटफायर ९ स्क्वाड्रनांत आलं आणि पारडं पुन्हा बरोबरीला आलं.

गंमत अशी की हे विमान चोरायचा बेत शिजत होता. कमांडो फ्रान्समधल्या तळावर शिरणार आणि चाचणी वैमानिक जेफ्री क्विल ते उडवत इंग्लंडला आणणार. नाव 'एअरथीफ'. कागद वरच्या टेबलांवर फिरत असतानाच फाबर स्वतः घेऊन आला. क्विलने नक्की सुस्कारा टाकला असेल.

---

ओझरकर_काका

बिचारा फाबर. कॅनडातल्या कैदेत किती जणांना ही गोष्ट सांगावी लागली असेल.

---

करवतवाला

डाग तिसऱ्या खेपेला जमले. पहिल्या खेपेला देवी आलेल्यासारखं दिसत होतं, दुसऱ्या खेपेला बुरशी. तिसऱ्यांदा दाब पार खाली आणला आणि एअरब्रशच्या सुईच्या पुढची टोपी काढून टाकली, मग धूर आला. फोटो टाकलेत.

खुणा: क्रॉस खोक्यातले चालले. बारा वर्षांत डिकलचा कागद पिवळा पडला होता. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवला, उन्हाने पिवळेपणा उतरतो म्हणून. ऊन कुठलं, आठवडाभर ढगच. नवव्या दिवशी दुपारी दोन तास पडलं, तेवढ्यात निम्मा उतरला. अ‍ॅडजुटंटचा कोन आणि क्रॉसमागची तिसऱ्या ग्रुपची उभी पट्टी टेपने आखून रंगवली.

राहिला कोंबडा.

---

रेषाळ

कोंबड्याची गोष्ट सांगतो. तिसऱ्या ग्रुपचा कमांडर होता हान्स हान, टोपणनाव 'आसी'. हान म्हणजे जर्मनमध्ये कोंबडा. म्हणून सगळ्या ग्रुपच्या काउलिंगवर कोंबड्याचं मुंडकं. म्हणजे आपल्याकडे एखाद्या मोरेसाहेबांच्या पलटणीने गाड्यांवर मोर रंगवावा तसं.

डिकल वेगळं मिळतं, पण मागवायला महिना. हाताने काढणार असाल तर आधी पांढरा, मग तुरा, डोळा सगळ्यात शेवटी.

---

करवतवाला

हाताने. पण माझ्या नाही. लेक नववीत आहे, एलिमेंटरीला ए ग्रेड. तिला काम दिलं. अट तिची, रविवारी दोन तास माझा मोबाइल. तीन शून्यांचा ब्रश, देवघरातला भिंगाचा दिवा, आणि श्वास रोखून पंधरा मिनिटं. पहिला कोंबडा चिमणी झाला. थिनरने पुसला. दुसरा कोंबडा झाला, पण हसरा. म्हणाली, "बाबा, चुकून वेल्सला गेलाय ना, मग असाच दिसणार." ठेवला.

चाकाचे पाय आत झुकवलेत, पंखावरची दांडी लावली. ती एकदा शिंकेने उडाली, फरशीवर बॅटरी घेऊन शोधली. सापडली ती दुसरीच, बहुतेक झाडूची काडी होती, पण जाडी बरोबर आहे.

एरियल उदबत्तीवर ताणलेल्या स्प्रूचं. कॅनपी (वैमानिकाच्या डोक्यावरची काच) उघडी ठेवायची होती, फाबर नुकताच उतरलाय म्हणून. पण १९० ची कॅनपी मागे सरकताना अरुंद होते, रूळ शेपटीकडे निमुळते आहेत. खोक्यातली बंद मापाची. ती उघडी ठेवली तर मागे दोन्ही कडा पाठीबाहेर लोंबतात, ढगळ झबल्यासारख्या. गरम पाण्यात बुडवून दाबायचा विचार आहे. कुणी केलंय का?

---

रिव्हेटमोज्या

गरम पाण्यात काच धुरकटते, हात लावू नका. बंदच ठेवा. जेफ्रीज अजून धावत येतोय असं समजा.

---

करवतवाला

बरं. बंद.

शेवटचे फोटो खाली आहेत, डावीकडून दोन, पुढून एक. चौथा आईच्या सांगण्यावरून, शेपूट भिंतीकडे. नाक मोजून घ्या. कोंबड्याला झूम करा, चोच हसतेय की नाही ते सांगा, लेक विचारतेय.

आणि ओझरकर काका, १/४८ मध्ये मरुत कुठे मिळतं का हो? करवत अजून टेबलावरच आहे.